कच्च्या फॉर्मवर लागलेला नंबर मुलीला मिळण्याबाबत

शुक्रवार, प्रवेशफेरीचा शेवटचा दिवस

प्रति,
मा. प्रवेश अधिकारी,
पशुवैद्यक पदवी प्रवेश कक्ष,
दुसरा मजला, खिडकी क्रमांक चारच्या मागची खोली.

विषय: उमेदवार क्र. ११७ (वय ४७) याचा प्रवेश रद्द करून ती जागा प्रतीक्षा यादीतील पहिली उमेदवार क्र. ११८ (वय १८) हिला देण्याबाबत. दोघे एकाच घरात राहतात.

संदर्भ: १) प्रवेश नियमावली, कलम ९, १४ व २२.
२) खिडकी क्र. ४ वरील लिपिकांशी सोमवारी, मंगळवारी व बुधवारी झालेले बोलणे.
३) त्याच लिपिकांनी गुरुवारी बोलण्यास दिलेला नकार.

महोदय,

१. अर्जदाराला या परीक्षेतून काय मिळवायचे होते, ते आधीच मांडलेले बरे, म्हणजे पुढे गैरसमज नको. एक खुर्ची. डोक्यावर पंखा. आणि स्वतःच्या मुलीपासून हातभर अंतरावर तीन तास बसण्याची मुभा. पदवी, पांढरा कोट किंवा जनावरे यांपैकी कशाचीही त्याला हाव नव्हती. ठरवलेल्या तिन्ही गोष्टी त्याला मिळाल्या. त्यांवर जे जास्तीचे पदरात पडले ते परत घ्यावे, एवढ्यासाठीच हा अर्ज आहे.

२. अर्जदार व्यवसायाने चष्मेवाला असून बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचे दोन खुर्च्या आणि एक आरसा मावेल एवढे दुकान आहे. त्याच्या मुलीला, म्हणजे उमेदवार क्र. ११८ हिला, वयाच्या नवव्या वर्षापासून जनावरांची डॉक्टर व्हायचे आहे. शेजारच्या औषधविक्रेत्याच्या कुत्र्याच्या पंजात काच घुसली (ती अर्जदाराच्याच दुकानातली होती, हे औषधविक्रेता आजही ऐकवतो), तेव्हा तिने ती चिमट्याने काढली. कुत्रा तिला चावला नाही. अर्जदाराला चावण्याचा मात्र त्याने त्यानंतर दोनदा प्रयत्न केला. काय व्हायचे ते मुलीने त्या दिवशी ठरवले. अर्जदारानेही त्याच दिवशी ठरवले, की यापुढे रस्त्याच्या पलीकडून जायचे.

३. मुलगी हुशार आहे. हे अर्जदार बाप म्हणून सांगत नसून दोन वर्षे तिच्या सराव प्रश्नपत्रिका तपासणारा म्हणून सांगत आहे. अडचण एकच होती. घरी सगळे धडाधड सोडवणारी ही मुलगी अनोळखी पोरांनी भरलेल्या दालनात बसली की तिचे हात गार पडत आणि पाठ केलेले सगळे पुसून जाई. सराव परीक्षेतून ती दोनदा विसाव्या मिनिटाला उठून बाहेर आली व जिन्यावर बसून राहिली. शिकवणीच्या सरांनी घरच्यांना बोलावून सांगितले की मुलीला धीर द्या. तो कसा द्यायचा असतो हे त्यांनी सांगितले नाही.

सबब, घरच्यांनी तो आपापल्या परीने दिला. अर्जदाराची पत्नी लॉन्ड्रीच्या काउंटरवर नोकरीस आहे. तिने उजळणीच्या वेळापत्रकाला कडक इस्त्री करून ते भिंतीवर लावले. अर्जदाराची आई (वय ७९) पाणीपुरवठा कचेरीच्या आवक-जावक विभागातून सेवानिवृत्त आहे. तिने नातीच्या प्रत्येक वहीला आवक क्रमांक दिला व एकही वही गहाळ होऊ दिली नाही. अर्जदाराने मुलीबरोबर अभ्यास केला. ती दुपारी दुकानात येऊन बसे. हा काचा घासता घासता प्रश्न विचारी, ती उत्तरे देई आणि ती अडली की दोघे मिळून पुस्तक उघडत. भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याखाली अर्जदाराने गाईच्या जठराचे चार कप्पे चिकटवले होते. डोळे तपासायला आलेले गिऱ्हाईक शेवटची ओळ संपली की आपसूक जठरात शिरे. एक निवृत्त टपालमास्तर तिसऱ्या कप्प्यापर्यंत खणखणीत वाचत आणि चौथा धूसर आहे म्हणत. त्यांचा नंबर अर्जदाराने त्यावरूनच काढला आणि चष्मा उत्तम बसला.

४. आता मूळ चुकीकडे येतो. चष्म्याच्या धंद्यात अर्जदाराच्या घरची एक रीत आहे. गिऱ्हाइकाच्या महाग काचेला हात लावण्याआधी त्याच मापाची एक साधी काच कापायची आणि फ्रेममध्ये बसवून पाहायची. तिला कच्ची काच म्हणायचे. ती बसली की मगच खरी कापायची. या रीतीमुळे अर्जदाराने तीस वर्षांत गिऱ्हाइकाची एकही काच वाया घालवलेली नाही.

सदर परीक्षेचा फॉर्म संगणकावर भरायचा होता आणि त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते की एकदा पाठवलेली माहिती कोणत्याही परिस्थितीत बदलता येणार नाही. हे वाचल्यावर अर्जदाराचे हात वळणावर गेले. त्याने आधी स्वतःच्या नावाने एक कच्चा फॉर्म भरला. फोटो केवढा चालतो, सही चौकटीत कशी बसते, बारावीचे गुण किती जुने चालतात, हे सगळे त्याने बघून घेतले. शुल्क भरल्याशिवाय शेवटचे पान उघडत नव्हते, म्हणून शुल्कही भरले. मग मुलीचा फॉर्म एका दमात, बिनचूक भरला. वयाची अट अर्जदाराला कुठेतरी अडवील अशी त्याची प्रामाणिक अपेक्षा होती. परंतु कलम ९ मध्ये किमान वय दिलेले आहे, कमाल वय दिलेले नाही. संगणकाने अर्जदाराचे अभिनंदन केले.

कच्ची काच काम झाल्यावर डब्यात टाकतात. कच्चा फॉर्म कुठे टाकायचा, हे नियमावलीत नव्हते.

५. यथावकाश घरी दोन प्रवेशपत्रे आली. फॉर्म पाठोपाठ भरल्यामुळे अर्जदाराला क्रमांक ११७ व मुलीला ११८ मिळाला. केंद्र एक, दालन एक, बाक एकामागे एक. अर्जदार आपले पत्र फाडणार होता. पण पत्नीने ते हातातून काढून घेतले आणि म्हणाली, "फाटकाबाहेर उन्हात ताटकळण्यापेक्षा आत जाऊन बसा. पोरीला बरं वाटेल, तुम्हाला खुर्ची मिळेल."

मुलीकडे पाहिले तर तिचा चेहरा जरा उजळला होता. बाकी कोणतेही कारण नव्हते. अर्जदार शपथेवर सांगण्यास तयार आहे.

६. दालनात पर्यवेक्षिकेने अर्जदाराला आधी पाणी देणारा समजून बाहेर काढले, मग पर्यवेक्षक समजून गठ्ठा हातात दिला, आणि प्रवेशपत्र पाहिल्यावर बराच वेळ काही समजल्यासारखे केले नाही. क्रमांकामुळे मुलगी अर्जदाराच्या मागे बसली. विसावे मिनिट उलटले. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. तिने नंतर सांगितले की हात गार पडायला लागले की ती समोर बाबांचे टक्कल बघत होती आणि तिला दुकानात बसल्यासारखे वाटत होते.

अर्जदाराने कोरी उत्तरपत्रिका का दिली नाही, असा प्रश्न खिडकी क्र. ४ वर विचारण्यात आला. त्याचे उत्तर असे की, लिहिणे थांबवलेल्या उमेदवाराने दालन सोडावे अशी सूचना फळ्यावर लिहिली होती. अर्जदाराला दालन सोडायचे नव्हते. सबब त्याला तीन तास पुरवून पुरवून लिहावे लागले. मुद्दाम चुकीची उत्तरे का रंगवली नाहीत, असेही विचारण्यात आले. दोन वर्षे ज्या पोरीला चुकीच्या गोलावर पेन्सिल टेकवू दिली नाही, ती मागे बसलेली असताना हात धजेना.

७. निकालाआधी संगणकावर कॉलेजचा पसंतीक्रमही भरायचा होता. पत्नीने बजावले होते की या वेळी तो कच्चेपणा नको. अर्जदाराने ऐकले नाही, आधी स्वतःच्या नावाने भरून पाहिला. एवढे सांगितले म्हणजे पुरे.

दोघांना दोनशेपैकी एकशे त्रेसष्ट गुण पडले. एकाच वहीतून शिकल्यामुळे बरोबर तीच बरोबर आली आणि चुकली तीही तीच चुकली. पक्ष्यांच्या हाडांचा धडा अर्जदाराने मुलीला मुळातच उलटा समजावला होता, तो दोघांनी सारखाच घालवला. यात कॉपीचा संशय घेऊ नये. दोघांचे संच वेगळे होते, आणि टकलावर काही लिहिलेले नाही याची खात्री पर्यवेक्षिकेने दोन वेळा जवळ येऊन केली होती.

जागा साठ. एकोणसाठ भरल्या. साठाव्या जागेसाठी दोघे समान. कलम १४ असे म्हणते की गुण समान असल्यास वयाने ज्येष्ठ उमेदवारास प्राधान्य द्यावे. हे कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दोन-चार महिन्यांचा फरक असावा. येथे तो एकोणतीस वर्षांचा निघाला. अर्जदाराचा नंबर लागला. ज्या पोरीसाठी हा सगळा खटाटोप केला, ती प्रतीक्षा यादीत पहिली राहिली, आणि तिच्या वाटेत आडवा कोण, तर बाप.

८. सोमवारी अर्जदार प्रवेश रद्द करण्यास खिडकी क्र. ४ वर हजर झाला. कलम २२ नुसार मुले रागाच्या भरात प्रवेश रद्द करतात म्हणून पालकाची लेखी संमती (नमुना ग) आणि मूळ गुणपत्रक, अशी दोन्ही लागतात असे कळले. ती आज शुक्रवारी पाचच्या आत आली तर जागा प्रतीक्षा यादीतील पहिलीला जाते. न आल्यास व उमेदवार रुजूही न झाल्यास जागा वर्षभर रिकामी राहते. अर्जदाराने तिथेच पेन काढून पालक म्हणून सही करायला घेतली. लिपिक सज्जन आहेत. त्यांनी पेन हळूच बाजूला सारले आणि म्हणाले, "तुम्ही तिचे पालक झालात हो. तुमचे पालक कोण?"

९. अर्जदाराचे वडील हयात नाहीत. आई आहे. अर्जदार नमुना ग घेऊन घरी गेला तो दहा मिनिटांचे काम आहे अशा समजुतीने. आईने नमुना वाचला, मागची बाजू वाचली, छपाईतली एक चूक दाखवली आणि घडी करून परत दिला. सही करणार नाही म्हणाली.

याची पार्श्वभूमी देणे भाग आहे. तीस वर्षांपूर्वी अर्जदार सतरा वर्षांचा होता व बारावी झाला होता. विज्ञान शाखेच्या कॉलेजचा फॉर्म त्याने स्वतः जाऊन आणला होता. त्याच सुमारास वडिलांचे हात थरथरू लागले. थरथरत्या हातांनी काच घासता येत नाही. त्या फॉर्मवरही पालकाची सही लागत होती. आईने तो फॉर्म आपल्या खणात ठेवला आणि मुदत जाऊ दिली. भांडण झाले नाही. अर्जदार काचेच्या यंत्रावर बसला, आणि या विषयावर घरात तीस वर्षे कोणी बोलले नाही. ते सोमवारी बोलणे झाले. आई म्हणाली, "तेव्हा मी सही केली नाही म्हणून तू गेला नाहीस. आता सही केली म्हणून जाणार नाहीस. माझी सही काय तुला अडवायलाच जन्माला आली?"

पत्नीने समजावून पाहिले. आई तिला म्हणाली की सूनबाई, तू तुझ्या पोरीचं बघतेस, मी माझ्या पोराचं बघते, यात माझं काय चुकलं. पत्नीने बाहेर येऊन सांगितले की यात तिचे काही चुकत नाही आणि तीच अडचण आहे.

१०. दरम्यान आपल्या कक्षाची यंत्रणा चोख चालू आहे. अर्जदाराला वसतिगृहात खाट मिळाली असून खोलीतील दुसऱ्या विद्यार्थ्याचा फोन येऊन गेला. त्याने विचारले की मित्रा, तुझ्याकडे किटली आहे का. कनिष्ठांची छेड काढणार नाही असे हमीपत्र आले आहे. त्यावरही पालकाची सही लागते व ती मात्र आईने तत्काळ दिली. मूळ गुणपत्रक टपालाने आले ते आईनेच घेतले, कारण घरातील आवक तिच्याकडे आहे. ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून ती बाहेर जाताना सोबत नेते. बँकेच्या रोखपालाने ते पाहिले आहे, आमच्या इमारतीच्या तिन्ही मजल्यांनी पाहिले आहे, आणि औषधविक्रेत्याने पाहून अर्जदाराला विचारले की आता तरी कुत्र्याशी बोलणार का. आईने अर्जदाराला नवे बूट आणले. मापाला जरा मोठे घेतले आहेत, वाढत्या अंगाचे समजून की काय, कळत नाही.

हसण्यावारी नेण्यासारखे हे सगळे अर्जदाराने मंगळवारपर्यंत नेले.

११. बुधवारी अर्जदार खिडकी क्र. ४ वरून दुकानात परतला तर मुलगी यंत्रावर बसली होती. डोळ्यांना जाड चष्मा, बाहीवर काचेची पूड. टपालमास्तरांची काच तिने कापली होती. कच्ची न कापता, थेट खरी. फ्रेममध्ये अशी बसली की बोट फिरवून सांधा लागेना. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जा कॉलेजला. खरंच. आजीला किती आनंद झालाय. दुकान मी बघते, माझं पुढच्या वर्षी बघू."

ती हे हसत म्हणाली. तिला वाईटही वाटत नव्हते, हेच अर्जदाराला सहन झाले नाही. पुढच्या वर्षी तिच्या पुढ्यात टक्कल नसेल आणि पाठीशी वर्षभराचे दुकान असेल. तीस वर्षांपूर्वी अर्जदारानेही पहिली काच पहिल्याच दिवशी बरोबर कापली होती. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना फार हायसे वाटले होते.

१२. वरील परिस्थितीत अर्जदाराच्या पुढीलप्रमाणे विनंत्या आहेत. अर्जदाराचे केस बघता तो सज्ञान झाला असे मानून पालकाच्या संमतीची अट शिथिल करावी. ते नियमात बसत नसल्यास पत्नीची सही ग्राह्य धरावी. लग्नापासून अर्जदाराने काय घालावे, कधी जेवावे आणि कोणाशी वाद घालू नये हे तीच ठरवत असल्याने वस्तुतः पालक तीच आहे. तेही अमान्य झाल्यास अर्जदारास अपात्र ठरवावे. तो कुत्रा, मांजर, बोकड व मोठे कोंबडे यांना घाबरतो. याबाबत औषधविक्रेत्याचा दाखला जोडला असून साक्षीदार म्हणून कुत्र्याचा पंजा उमटवला आहे. तो उमटवताना अर्जदार रस्त्याच्या पलीकडे उभा होता. यांपैकी काहीच शक्य नसेल तर साठाऐवजी एकसष्ट विद्यार्थी घ्यावेत. अर्जदार वर्गात कधीच येणार नसल्याने जादा खुर्ची लागणार नाही.

१३. (पुरवणी, आज दुपारी पावणेतीन वाजता.) या घरातून कोणताही अर्ज आईच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. हा अर्ज तिच्याविरुद्ध असला तरी तिच्यापासून लपवणे अर्जदाराला जमले नाही. तिने समास सुधारला, एका ठिकाणी 'सदर' घातले आणि परिच्छेद ९ कोणतीही दुरुस्ती न करता वाचला. परिच्छेद ११ वर ती थांबली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. मग विचारले, "खरंच कापली? पहिल्याच फटक्यात?"

अर्जदार हो म्हणाला. मग तिने नमुना ग मागितला, टेबलाशी नीट बसली आणि सही केली. सही थोडी हलली आहे. ती तिचीच आहे, कृपया पडताळणीसाठी परत पाठवू नये. 'संमती देण्याचे कारण' या रकान्यात तिने दोनच शब्द लिहिले आहेत: यंदा मुदतीत. हे कारण नियमात बसत नसल्यास त्याचा खुलासा अर्जदार समक्ष येऊन करील, जमला तर.

१४. सबब परिच्छेद १२ मधील सर्व विनंत्या मागे घेण्यात येत आहेत. पाने पुन्हा लिहिण्याइतका वेळ नसल्याने त्या खोडलेल्या नाहीत. त्या वाचल्या गेल्यास वाचल्या नाहीत असे समजावे. आता मागणे एकच. सोबतची कागदपत्रे पाचच्या आत दाखल करून घ्यावीत, क्र. ११७ चे नाव काढावे आणि त्या जागी क्र. ११८ चे लिहावे. तिला आत्ताच दुकानातून बोलावून घेतले असून ती हात धुऊन आपल्या कक्षाच्या जिन्यापाशी खाली उभी आहे. तिला अजून काही सांगितलेले नाही. अर्जदार तिच्यापुढे दोन पायऱ्या उभा आहे.

आपल्या कक्षाचा चार दिवसांचा विद्यार्थी,
व यापुढे केवळ पालक,

उमेदवार क्र. ११७
(सही व दुकानाचा शिक्का)

सोबत, कोणी काय दिले त्यासह:

१. दोन्ही फॉर्मच्या शुल्काच्या पावत्या. अर्जदाराने भरले. परत मिळणार नाही हे खिडकीवर कळले आहे, तक्रार नाही.

२. वसतिगृहाच्या खाटेचे पत्र, परत. खोलीतल्या मुलाला किटली अर्जदाराच्या पत्नीने पाठवली आहे.

३. औषधविक्रेत्याचा दाखला, पंजासह. आता लागणार नाही, पण त्याने परत घेण्यास नकार दिला.

४. नमुना ग, एक प्रत. अर्जदाराच्या आईची सही.

५. मूळ गुणपत्रक, एक, पाकिटातून काढून. अर्जदाराच्या आईने दिले. जमा करण्याआधी झेरॉक्स काढून ठेवू का, असे तिला विचारले. ती नको म्हणाली.